कठीण दाणे

साहेबांनी चहा मागवला तेव्हाच मला कळलं.
एकोणीस वर्षांत प्रयोगशाळेत चहा कधी आत आला नव्हता,
नमुन्यांवर थेंब नको म्हणून.
"सुवार्ताबाई," साहेब म्हणाले, "वाईट बातमी आहे,"
आणि आपल्याच वाक्याला ठेचकाळले.

उगवण मोजायला आता कॅमेरा आलाय, हैदराबादला.
तो म्हणे दमत नाही.
रविवारची सुट्टी मागत नाही.

मी काय करायचे ते सांगते.
शंभर दाणे ओल्या कागदावर, ओळीनं.
असे चार कागद, सैल गुंडाळून उबेच्या कपाटात उभे.
दिवस भरले की उलगडायचं आणि निवाडा करायचा:
हे सामान्य, हे वाकडं, हे मेलेलं.
भेंडीत मात्र काही दाणे असे निघायचे
की उगवलेले नाहीत आणि मेलेलेही नाहीत.
पाणीच प्यायलेलं नसायचं त्यांनी.
एकवीस दिवस ओलीत राहून, नखानं दाबलं तर खडा.
त्यांचा रकाना वेगळा: कठीण.
नियम असा, की त्यांना मेलेल्यांत धरायचं नाही.

जून ते नाताळ मी त्या रकान्यात होते.

पाळकसाहेब म्हणाले, "एकदा साक्ष द्या, बाई,
मंडळीला धीर येईल."
पेरणाऱ्याचा दाखला ते माझ्याकडे बघून सांगत होते.
मी मनात म्हटलं, त्या पेरणाऱ्यानं आधी
बी तपासून घेतलं होतं का, की दोष सगळा जमिनीचाच?
मग प्रभुभोजनाची भाकर आली, एवढासा तुकडा,
आणि मी सवयीनं तो चिमटीत धरून
उजेडाकडे केला.

रात्री प्रार्थनेला शब्द नसायचे, आकडे असायचे.
दानिएलच्या डिप्लोमाची फी. गॅस. पतपेढीचा हप्ता.
एकदा सगळी यादी वाचून दाखवली देवाला
आणि आमेन म्हणायचं विसरून तशीच झोपले.
बहुतेक ती प्रार्थना अजून चालूच आहे.

जानेवारीत अंबड रोडच्या रोपवाटिकेत लागले.
पगार निम्मा. काळीपिवळीचं भाडं आपलं आपण.
जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा.
शिकवणारी शहनाज, दानिएलहून दोन वर्षांनी मोठी.
"मावशी, जोर नका लावू. साल नुसती उचला.
आता डोळा सरकवा आत. पट्टी बांधा. बस.
आता बघायचं नाही."
"किती दिवस?"
"वीस-एकवीस."

मी चाळीस भरले.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कुणी नाही बघून,
एकाची पट्टी सोडली.
शहनाजनं मागून येऊन हातावर चापट मारली.
"उघडून बघितला की मरतो तो!"

मी मोजणारी बाई. दुसरं येतं काय मला?
देवाचंही तेच केलं मी सात महिने,
रोज सकाळी पट्टी सोडायची:
आहेस का? धरलंस का? हिरवं आहे का काही?

एकविसाव्या दिवशी चाळीसातले एकोणतीस हिरवे निघाले.
मी सोडून बघितलेला काळा पडला होता, वाळक्या मनुक्यासारखा.
लॅबमध्ये असता तर लॉट नापास केला असता.
इथं मालकानं मान हलवली, म्हणाला, "नवख्या हाताला चांगलंय."

फी अजून अर्धी राहिलीय.
बांबूच्या टोकरीजवळ बसून मी काट्यांनी ओरबाडलेले हात धुते,
जंबेरीचा वास काही जात नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी परत विचारलं.
म्हटलं, "मोजणी बाकी आहे अजून."
ते हसले. पुढे आले, भाकर दिली.
त्याच वासाच्या हातांनी घेतली मी.
उजेडाकडे धरली नाही.
खाल्ली नुसती.